जुना पिकअप ट्रक : आधी तपासणी, मग भाग

वाचकांचे प्रश्न आणि जाणकारांची उत्तरं

पन्नास ते सत्तरच्या दशकांतले पेट्रोल पिकअप ट्रक पुन्हा चालते करायला घेतलेल्या वाचकांची पत्रं या वेळी निवडली आहेत. जवळजवळ प्रत्येक पत्रात एक गोष्ट समान आहे : बिघाड नक्की व्हायच्या आधीच भाग बदलून झालेत. म्हणून उत्तरांमध्ये काय बदलावं यापेक्षा कसं तपासावं यावर भर आहे.

प्रश्न : सहा सिलिंडरचा ट्रक अनेक वर्षं शेडमध्ये उभा होता. आता इंजिन हलतच नाही. ट्रक गिअरमध्ये टाकून दुसऱ्या गाडीने ओढला तर सुटेल का?

उत्तर : कदाचित सुटेल, पण सोबत रिंग किंवा पिस्टनची कड तुटेल, व्हॉल्व्ह अडकलेला असेल तर पुशरॉड वाकेल. ओढू नका आणि सेल्फही मारू नका.

इंजिन खरंच जाम आहे का, हे आधी पाहा. गिअर न्यूट्रलमध्ये आहे ना? सेल्फचं पिनियन फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकलेलं नाही ना? फॅनबेल्ट काढून डायनामो आणि वॉटर पंप हाताने फिरवा. पंप गंजून बसला असेल तरी इंजिनच जाम आहे असं वाटतं.

मग सगळे प्लग काढून सिलिंडरच्या क्रमाने ओळीत ठेवा. ज्या प्लगवर गंज आहे त्या सिलिंडरचा एखादा व्हॉल्व्ह उघडा राहून तिथे ओल गेलेली असते. अडकलेला पिस्टन बहुधा तोच. प्रत्येक सिलिंडरमध्ये सुमारे ५० मिली गंज सोडवणारं तेल सोडा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि ॲसिटोन समप्रमाणात मिसळूनही चालतं, फक्त ॲसिटोन लगेच पेट घेतं, तेव्हा काम उघड्यावर करा. दोन-तीन दिवस मुरू द्या, मग पुन्हा सोडा. व्ही-८ इंजिनात सिलिंडर तिरके असतात, तेल खालच्या बाजूला साचतं आणि वरची बाजू कोरडी राहते. तिथे पिचकारीने वरच्या भिंतीवर मारावं लागतं.

आता क्रँकच्या पुढच्या बोल्टवर सॉकेट आणि लांब दांडा लावून मागे-पुढे हलवा. जोर हाताचाच, दांड्याला पाइप जोडायचा नाही. शेव्हरोलेच्या कित्येक सहा सिलिंडर इंजिनांत पुढची पुली नुसती दाबून बसवलेली असते, तिथे बोल्टच नसतो. अशा वेळी क्लच हाउसिंगच्या खालचं झाकण काढून फ्लायव्हीलच्या दात्यांत पहार अडकवून हलवावं लागतं. एक-दोन मिलिमीटर जरी हललं तरी काम झालं असं समजा, मग पुन्हा तेल सोडा आणि थांबा.

इंजिन पूर्ण फिरायला लागल्यावर टॅपेट कव्हर काढा. दुसऱ्या माणसाला इंजिन फिरवायला सांगून प्रत्येक रॉकर पाहा. खाली गेलेला व्हॉल्व्ह वर येत नसेल तर त्याच्या दांड्यावर तेल सोडून प्लॅस्टिकच्या हातोडीने हलके ठोके द्या. त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, गेजने घ्या. आधी कोरडं घ्या, मग सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा घ्या. आकडा चढला तर रिंगा जबाबदार, नाही चढला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन सिलिंडर सारखेच कमी दाखवत असतील तर हेड गास्केटवर संशय घ्या. बरीच वर्षं उभ्या इंजिनाचे पहिले आकडे कमीच येतात. अर्धा तास चालल्यावर रिंगा मोकळ्या होतात, तेव्हा त्या आकड्यांवरून इंजिन उघडायचा निर्णय घेऊ नका.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी ऑइल पॅन उतरवून तळाचा चिखल काढा. नुसतं तेल बदललं तर तो चिखल पंपाच्या जाळीवर जाऊन बसतो. तेलपंप डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवर चालत असेल तर डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिलने पंप फिरवा आणि गेजवर दाब दिसेपर्यंत थांबू नका. ड्रिल कोणत्या दिशेने फिरवायचं हे डिस्ट्रिब्युटरच्या दिशेवरून ठरतं.

तुमचं इंजिन शेव्हरोलेचं २१६ घनइंची असेल (१९५३ पर्यंतच्या ट्रकांत ते येत असे), तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. त्यात कनेक्टिंग रॉडला पूर्ण दाबाने तेल जात नाही, रॉडची खालची पळी तेल उचलते. त्यामुळे गेज कमी दाब दाखवतं आणि ते बरोबर असतं. दुसरं म्हणजे त्यातली रॉड बेअरिंग बॅबिट धातू ओतून केलेली आहेत. ती तयार शेल म्हणून मिळत नाहीत, नव्याने ओतून मशिनवर मापाला आणावी लागतात. बेअरिंगची चौकशी करताना इंजिनाचा क्रमांक आधी सांगा.

प्रश्न : थंड असताना ट्रक झकास चालतो. वीस-पंचवीस मिनिटांनी मिसिंग करून बंद पडतो आणि अर्ध्या तासाने जणू काही झालंच नाही असा सुरू होतो. कॉइल, पेट्रोल पंप, कार्बोरेटर किट सगळं बदललं. आता काय बदलू?

उत्तर : काहीही नाही. ट्रक बंद पडल्यानंतरचं पहिलं मिनिट महत्त्वाचं आहे. पेट्रोल संपतंय की ठिणगी जातेय, हे त्याच वेळी कळतं, थंड झाल्यावर नाही.

बंद पडताच एअर क्लीनर काढा आणि कार्बोरेटरमध्ये पाहत थ्रॉटल हाताने झटकन उघडा. ॲक्सिलरेटर पंपाची बारीक धार उडाली तर फ्लोटच्या वाटीत पेट्रोल आहे, म्हणजे दोष ठिणगीत शोधायचा. धार नसेल तर पेट्रोलमध्ये.

धार नसेल तेव्हा सर्वांत आधी टाकीचं झाकण उघडा. आत हवा ओढल्याचा आवाज आला तर हवेची वाट बंद आहे. जुन्या टाकीला हवेचं छिद्र असलेलं झाकण लागतं. दिसायला तसंच पण बंद झाकण लावलं की टाकीत निर्वात होऊन नेमका असाच त्रास होतो. दुसरं कारण टाकीच्या आत असतं. गंजाचा भुगा शोषण नळीच्या जाळीवर हळूहळू चिकटतो, इंजिन बंद पडलं की खाली बसतो आणि अर्ध्या तासाने वाट मोकळी. तुमच्या लक्षणाशी हे तंतोतंत जुळतं. ओळखण्यासाठी पंपाची बाहेर जाणारी नळी बाटलीत सोडून इंजिन फिरवा, ३० सेकंदांत साधारण अर्धा लिटर पेट्रोल यायला हवं आणि ती धार शेवटपर्यंत टिकायला हवी. दाब ४ ते ६ पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच) पुरे. पंपाच्या अलीकडच्या, म्हणजे टाकीकडच्या रबरी नळीला बारीक चीर असेल तर तिथून पेट्रोल गळत नाही, हवा आत जाते. तात्पुरती पारदर्शक नळी जोडली की बुडबुडे दिसतात.

उष्णतेने पेट्रोलची वाफ होणं हे तिसरं कारण. इथे लोक नळीला काहीबाही गुंडाळतात आणि मूळ कारण तसंच राहतं. अनेक इंजिनांच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये स्प्रिंगवर चालणारी एक झडप असते. थंड असताना ती गरम वायू कार्बोरेटरखाली वळवते आणि इंजिन तापलं की उघडते. गंजून बंद अवस्थेत अडकली तर कार्बोरेटर सतत भाजत राहतो. तिचा दांडा हाताने फिरतो का पाहा, पण इंजिन थंड असताना. नंतर पेट्रोलची नळी मॅनिफोल्डपासून दूर नेणं, कार्बोरेटरखाली जाड इन्सुलेटर घालणं हे उपाय आहेतच. एक जास्तीची सूचना : इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या प्रकारच्या रबराला फुगवतं. पंपाचा डायफ्रॅम, नळ्या आणि कार्बोरेटर किट इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचं आहे का, हे घेतानाच विचारा.

धार असेल आणि ठिणगी नसेल तर संशयाचा क्रम असा : कंडेन्सर, डिस्ट्रिब्युटरमधली वायर, आणि मग कॉइल. तापल्यावर कंडेन्सर आतून तुटतो आणि थंड झाल्यावर जुळतो. त्याची क्षमता साधारण ०.१८ ते ०.२५ मायक्रोफॅरड असते. नवा कंडेन्सर आणला म्हणून तो चांगला असेलच असं नाही. पॉइंटकडे, म्हणजे कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्काकडे, जाणारी विणलेली वायर व्हॅक्यूम ॲडव्हान्सच्या पाटीबरोबर सतत हलते, आवरणाच्या आत तुटते आणि बाहेरून अखंड दिसते. ती बोटाने वाकवत मीटरवर सलगता पाहा. पॉइंटची फट बहुतेक सहा आणि आठ सिलिंडर इंजिनांत ०.४ ते ०.५ मिमी असते. पॉइंटचा फायबरचा ठोकळा कॅमवर झिजला की फट कमी होते आणि टायमिंग मागे जातं. म्हणून कॅमवर ग्रीसचा पातळ हात फिरवायला विसरू नका.

तुम्ही बदललेली कॉइल योग्य होती का, हेही तपासा. बॅलास्ट रेझिस्टन्ससोबत, म्हणजे कॉइलचा करंट कमी ठेवणाऱ्या वेगळ्या रोधासोबत, चालणाऱ्या १२ व्होल्ट कॉइलचा प्रायमरी रोध सुमारे दीड ओहम, त्याशिवाय चालणारीचा सुमारे ३ ओहम. दीड ओहमची कॉइल थेट १२ व्होल्टवर लावली तर ती तापते आणि पॉइंट जळतात. याउलट किल्ली सेल्फवर असेपर्यंत इंजिन पेटतं आणि सोडताच बंद पडतं, असं झालं तर बॅलास्ट तुटलेला आहे.

प्रश्न : रंगकाम, चासी पेंट सगळं नवं केलं आणि ६ व्होल्टचा सेल्फ आता आधीपेक्षा जड फिरतो. १२ व्होल्ट करून टाकावं का?

उत्तर : करू नका, निदान इतक्यात तरी. दोष तुमच्या नव्या रंगात आहे. चासी, इंजिनाचा ब्लॉक आणि बॅटरीचा कंस यांवर रंगाचा जाड थर बसला की अर्थिंग तुटतं. ६ व्होल्टमध्ये तेवढ्याच ताकदीला दुप्पट करंट लागतो, म्हणून १२ व्होल्ट गाडी जो दोष खपवून घेते तो इथे लगेच जाणवतो.

सेल्फ मारत असताना मीटर लावा. बॅटरीचं अर्थचं टर्मिनल आणि सेल्फची बॉडी यांच्यामध्ये ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग सुधारा : बोल्टखालचा रंग चकाकत्या पत्र्यापर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घाला, आणि इंजिनापासून चासीपर्यंत स्वतंत्र पट्टी टाका, कारण इंजिन रबरी माउंटिंगवर उभं असतं. मग बॅटरीचं दुसरं टर्मिनल आणि सेल्फचं टर्मिनल यांच्यामध्ये मोजा. इथे जास्त घट दिसली तर बहुधा कुणीतरी १२ व्होल्टच्या बारीक केबल लावलेल्या असतात. ६ व्होल्टला ५० ते ७० चौरस मिमी तांब्याची केबल हवी. सेल्फ फिरताना बॅटरी ४.८ व्होल्टच्या खाली जात असेल तर मात्र बॅटरी किंवा सेल्फ पाहा.

बॅटरी उलटी जोडलेली नाही ना, तेही बघा. फोर्डच्या ट्रकांत १९५५ पर्यंत ६ व्होल्ट आणि पॉझिटिव्ह अर्थ होतं, १९५६ पासून १२ व्होल्ट निगेटिव्ह अर्थ. शेव्हरोलेमध्ये ६ व्होल्टलाही निगेटिव्ह अर्थच होतं. पॉझिटिव्ह अर्थमध्ये कॉइलचं प्लस टर्मिनल डिस्ट्रिब्युटरकडे जातं. उलटं जोडलं तरी इंजिन चालतं, पण प्लगला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज लागतं आणि चढावर मिसिंग येतं.

डायनामो उतरवला असेल तर जोडल्यावर इंजिन सुरू करण्याआधी त्याला चुंबकत्वाची दिशा द्यावी लागते. डेल्को कंपनीच्या प्रकारात रेग्युलेटरचं बॅटरी आणि आर्मेचर टर्मिनल वायरच्या तुकड्याने क्षणभर जोडतात. फोर्डच्या जुन्या डायनामोत फील्डची वायर रेग्युलेटरवरून सोडवून बॅटरी टर्मिनलला क्षणभर टेकवतात. फोर्डवर डेल्कोची पद्धत वापरली तर रेग्युलेटर जळू शकतो.

प्रश्न : डाव्या बाजूच्या चाकांचे नट काही केल्या सुटत नाहीत. दोन स्टड तुटले. ट्रक जुना डॉज आहे.

उत्तर : हात थांबवा. त्या काळच्या डॉजमध्ये डाव्या चाकांना उलटे आटे असतात. स्टडच्या टोकावर ‘एल’ अक्षर दिसतं. घड्याळाच्या दिशेने फिरवा, सुटतील. तुटलेल्यांच्या जागी स्टड मागवताना डाव्या आट्यांचेच मागवा, एकाच चाकावर दोन्ही प्रकार ठेवू नका.

प्रश्न : ब्रेक मारून सोडला तरी पुढचं डावं चाक धरून राहतं. व्हील सिलिंडर आणि शू नवे आहेत. पुढे डिस्क ब्रेक लावायचा विचार आहे, तोवर हे कसं निस्तरू?

उत्तर : चाक उचला, कुणाला तरी ब्रेक दाबून सोडायला सांगा. चाक धरलेलं असताना ब्लीडर निप्पल उघडा. तेल उडून चाक मोकळं झालं तर दाब आत अडकलाय. नाही झालं तर दोष यांत्रिक आहे : शूची रिटर्न स्प्रिंग ढिली पडली असेल, किंवा शू ज्या उंचवट्यांवर सरकतो त्यांवर खाच पडून तो तिथे अडकत असेल.

दाब अडकला असेल तर पुन्हा ब्रेक मारा आणि या वेळी रबरी होजच्या वरच्या टोकाचा, लोखंडी नळीचा नट ढिला करा. तरीही चाक धरूनच राहिलं तर होज आतून सुजला आहे. पायाच्या जोराने तेल पुढे जातं, स्प्रिंगच्या जोराने परत येत नाही. बाहेरून होज नवाकोरा दिसला तरी फसू नका. तिन्ही होज, पुढचे दोन आणि मागचा एक, एकदमच बदला. एकेरी मास्टर सिलिंडरच्या ट्रकात एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. दुहेरी मास्टर सिलिंडर बसवता येत असेल तर आम्ही तेच सुचवू, मूळपणाचा आग्रह कितीही असो.

चारही चाकं धरत असती तर मास्टर सिलिंडरचं परतीचं छिद्र झाकलं गेलंय असं म्हटलं असतं. पेडलला वरच्या बाजूला थोडा तरी मोकळा खेळ हवाच, तो नसेल तर ते छिद्र उघडत नाही.

डिस्क ब्रेकबद्दल : ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये सुमारे १० पीएसआय दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच ठेवून पुढे डिस्क लावली तर पॅड कायम घासत राहतात. पुढच्या लाइनसाठी तो काढा, मागच्या ड्रमसाठी राहू द्या. डॉट ५ हे सिलिकॉनचं ब्रेक ऑइल आहे, ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळू नका. आणि शू बसवताना पाहा : स्वतःच घट्ट होत जाणाऱ्या रचनेत कमी लांबीचं लायनिंग असलेला शू ट्रकच्या पुढच्या बाजूला आणि जास्त लांबीचा मागच्या बाजूला. हे उलटं झालं की ब्रेक दुबळा लागतो किंवा ट्रक एका बाजूला ओढतो.

प्रश्न : कागदोपत्री ट्रक १९६६ सालचा आहे. त्या वर्षाचं कार्बोरेटर किट आणि मागच्या ॲक्सलचे ऑइल सील मागवले, दोन्ही बसले नाहीत. विकणाऱ्याने चुकीचं पाठवलं की माझं चुकलं?

उत्तर : बहुधा दोघांचंही नाही. इतक्या वर्षांत इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल, कधी अख्खी केबिन दुसऱ्या ट्रकची लागलेली असते. वर्ष फक्त कागदाचं खरं असतं, प्रत्येक भागाची ओळख त्या भागावरच वाचायची.

कार्बोरेटरपासून सुरुवात करा. हॉली कंपनीच्या कार्बोरेटरवर ‘लिस्ट’ शब्दापुढचा क्रमांक वरच्या तोंडाजवळ ठोकलेला असतो. कार्टर कंपनीच्या कार्बोरेटरमध्ये झाकणाच्या एका स्क्रूखाली पितळी पट्टी असते. ही पट्टी साफसफाईत हरवते आणि मग किट शोधणं अंदाजाचं काम होऊन बसतं, म्हणून पट्टी परत त्याच स्क्रूखाली लावा.

फोर्डचे क्रमांक वाचता येतात. ‘सी५टीझेड’मधलं ‘सी’ म्हणजे साठचं दशक, ‘५’ म्हणजे १९६५, ‘टी’ म्हणजे ट्रक आणि ‘झेड’ म्हणजे सुटा विक्रीचा भाग. ‘बी’ पन्नासचं दशक, ‘डी’ सत्तरचं. मधला आकडा भागाचा प्रकार सांगतो : ९५१० कार्बोरेटर, ६०४९ सिलिंडर हेड, २१४० मास्टर सिलिंडर. भागावर ओतलेला क्रमांक आणि यादीतला विक्रीचा क्रमांक एकच नसतो, त्यामुळे ओतीव क्रमांक देऊन ‘हा भाग उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर निराश होऊ नका, त्याचा विक्री क्रमांक काढा. जनरल मोटर्सच्या ओतीव भागांवर तारखेचा संकेत असतो : ‘ए’ ते ‘एल’ म्हणजे जानेवारी ते डिसेंबर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. ‘सी १४ ६’ म्हणजे १४ मार्च, आणि वर्ष ६ ने संपणारं. दशक बाकीच्या खुणांवरून ठरवावं लागतं.

सील आणि बेअरिंग तर वर्षावरून कधीच मागवू नका. बेअरिंगच्या कडेवर क्रमांक कोरलेला असतो, तो पुसून, भिंगाखाली वाचा. त्याच क्रमांकाचं बेअरिंग आजही यंत्रसामग्रीच्या दुकानात मिळण्याची शक्यता चांगली असते. सीलसाठी व्हर्निअरने तीन मापं घ्या : शाफ्टचा व्यास, ज्या भोकात सील बसतो त्याचा व्यास, आणि रुंदी. जुना सील मोजू नका, तो उपसताना वाकलेला असतो. शाफ्टवर सीलच्या ओठाने चर पाडला असेल तर नवा सीलही गळेल. तिथे पातळ पोलादी बाही बसवतात.

ॲक्सलचा रेशो माहीत नसेल तर उघडायची गरज नाही. एक मागचं चाक जमिनीवर, दुसरं उचललेलं, गिअर न्यूट्रलमध्ये आणि बाकीच्या चाकांना उटी. प्रॉपेलर शाफ्टवर खडूची खूण करा. उचललेलं चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. पावणेचारला किंचित कमी म्हणजे ३.७३, चारच्या थोडं पुढे म्हणजे ४.११. साध्या डिफरन्शियललाच हे लागू आहे.

भाग चार प्रकारचे मिळतात : न वापरलेले जुने मूळ, नव्याने बनवलेले, दुरुस्त केलेले आणि दुसऱ्या ट्रकवरून काढलेले. न वापरलेला मूळ धातूचा भाग मिळाला तर आनंदाने घ्या, पण रबराचा घेऊ नका. ब्रेकचे कप आणि डायफ्रॅम डबीत पडूनही कडक होतात. नव्याने बनवलेला पत्रा रंगवण्याआधी ट्रकवर धरून पाहा, रंगवलेला कुणी परत घेत नाही. काढलेला भाग घेताना त्याचे कंस, बोल्ट, स्पेसर सोबत मागा. डायनामो मिळेल, पण त्याचा कंस शोधण्यात महिने जातात.

आट्यांचीही खात्री करा. अमेरिकन ट्रकांत इंची आटे असतात. ब्रेकच्या ३/१६ इंची नळीचा नट बहुधा ३/८ इंच, २४ आट्यांचा आणि टोक ४५ अंशांत दुहेरी दुमडलेलं असतं. १० मिमीचा नट दोन आटे जातो, पकडला असं वाटतं आणि दाबाखाली सुटतो. आटे मोजायचं गेज जवळ ठेवा.

प्रश्न : केबिनचा तळ आणि दाराखालचे दोन्ही पट्टे कुजले आहेत. सगळं एकदम कापून नवा पत्रा लावावा का?

उत्तर : एकदम अजिबात नाही. तळ कापला की केबिन खाली बसते आणि मग दारं लागत नाहीत. दारं जागेवर असताना फटी मोजून लिहून ठेवा. केबिन चासीवर बोल्टने घट्ट असू द्या, माउंटिंगचे कुजलेले बुश आधी बदला, नाहीतर तुम्ही वाकड्या केबिनवर नवा तळ जोडाल. दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत चौकोनी नळीचे दोन आधार वेल्ड करा, एक आडवा आणि एक तिरपा. मग एक बाजू कापा, बसवा, दार लावून पाहा, नंतर दुसरी.

पत्रा ०.९ ते १.२ मिमी, मिग वेल्डिंगची तार ०.६ मिमी. सलग वेल्ड केलं तर पत्रा तापून लाटा येतात. एक ठिपका इकडे, पुढचा हातभर लांब, हात लावता येईल इतकं गार झालं की मधले. जोडाच्या आत झिंकचा वेल्डिंगयोग्य प्रायमर, बाहेरून सीलर, आणि पट्ट्यांच्या पोकळीत मेण फवारा. पट्ट्यांखालची पाणी जायची छिद्रं सीलरने बुजवू नका.

काही ट्रकांत, उदाहरणार्थ १९७२ पर्यंतच्या शेव्हरोले सी-१० मध्ये, पेट्रोलची टाकी केबिनमध्ये सीटच्या मागे असते. वेल्डिंगची पहिली ठिणगी पडायच्या आधी टाकी बाहेर काढून लांब ठेवा, रिकामी असली तरी. रिकाम्या टाकीतली वाफच पेट घेते.